थेट प्रक्षेपणामुळे मैदाने ओस पडतात का?

एकलहरे (नाशिक) : औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या एकलहऱ्यासारख्या गावात प्रकाशझोतातील कबड्डी स्पर्धा भरवायची असेल, तर तारीख ठरविण्यापूर्वी दूरचित्रवाणीवरील क्रिकेटचे वेळापत्रक पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो आणि स्थानिक स्पर्धा रंगण्याचीही हीच वेळ. त्यातून घराघरांतील संच मैदानावरील प्रेक्षक पळवतो, ही आयोजकांची जुनी तक्रार पुढे येते.

या तक्रारीत दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. आपलाच सामना घरी दिसू लागला, तर लोक मैदानावर येतील का, हा एक. त्याच वेळी दुसरीकडचा मोठा सामना दिसत असेल, तर येतील का, हा दुसरा. आणि खरा घाव दुसऱ्याचाच आहे.

अमेरिकेने हे फार पूर्वी ओळखले. तेथे शुक्रवारी रात्री शालेय फुटबॉलचे सामने होतात आणि तिकिटविक्री हे शाळांच्या क्रीडा विभागांच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन असते. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक संघांना प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा दिली. मात्र सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी सायंकाळी सहानंतर व शनिवारी, ७५ मैलांच्या परिसरात महाविद्यालयीन सामना असल्यास ही सवलत नाकारली. १९६६ मध्ये हेच संरक्षण शालेय सामन्यांनाही मिळाले. टेक्सासमधील शालेय क्रीडा संघटनेने तर शुक्रवारच्या स्वतःच्या सामन्यांचेही थेट प्रक्षेपण अनेक वर्षे रोखून धरले. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, हा निर्बंध शिथिल झाला. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणावर १९६० च्या दशकापासून बंदी आहे, तीही छोट्या क्लबांच्या मैदानांसाठीच.

आपल्याकडे कायद्याचा रोख नेमका उलटा आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावे लागते. जास्तीत जास्त लोकांनी घरी बसून पाहावे, हाच त्याचा हेतू. गल्लीतील स्पर्धेचा विचार त्यात नाही.

प्रक्षेपण दिसते म्हणून मैदान रिकामेच राहते, असेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली-रेल्वे रणजी सामन्यात विराट कोहली खेळणार म्हटल्यावर अरुण जेटली मैदानावर पहिल्याच दिवशी दहा हजारांहून अधिक प्रेक्षक आले. सामना मोबाइलवर दिसत होता, तरीही! एरवी मात्र रणजी सामन्यांना, प्रक्षेपण असो वा नसो, मोजकीच माणसे फिरकतात.

कबड्डीचा अनुभवही विचार करायला लावणारा आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला हा खेळ मॅटवर, घराघरांत पोहोचला. नाशिक जिल्ह्यातील आकाश शिंदे पुणेरी पलटणकडून खेळला आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या संघातही होता. असा खेळाडू घडतो, तो स्थानिक मैदानावरच.

आपल्याकडे अशा स्पर्धांना बहुधा तिकीट नसते. त्यामुळे गर्दी घटली, तर गल्ला बुडत नाही. बक्षिसाची रक्कम देणारा पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. त्यावर सध्या तरी आयोजकांच्या हातातला उपाय एकच : मोठ्या सामन्याचा दिवस टाळणे.