जाकार्ताचे अकरा आणि त्यांचे मास्तर

आमच्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या अंगावर मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे यांची नावे असलेल्या जर्सी असतात. घरी कुणी मराठी बोलतो, कुणी कन्नड, कुणी उर्दू, तर कुणी कोकणी. मैदानात उतरल्यावर मात्र सगळ्यांची भाषा एकच, 'पास दे!' मध्यंतरी त्यांच्यात जाऊन बसलो आणि सहज विचारले, "चुनी गोस्वामी कोण, ठाऊक आहे का रे?" मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. शेवटी एकजण धीर करून म्हणाला, "क्रिकेटर का, सर?"

त्याचे उत्तर अगदीच चूक नव्हते, ते पुढे येईलच. पण दोष मुलांचा नाही. आपल्या देशातही फुटबॉलचे पुरुषार्थी खेळाडू होऊन गेले हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही कथा एका शाळामास्तरापासून सुरू होते. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ सालचा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशा शिक्षकाचा. हैदराबादच्या तीनचार शाळांतून त्यांनी शिकवले. संध्याकाळी मात्र ते मैदानावर असत. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे होते, आणि १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी हाती घेतला. मुंबईकरांना या संघाची ओळख लागलीच पटली. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकून नेला!

रहीमसाहेबांची शिकवण्याची रीतही मास्तराचीच होती. विद्यार्थी ज्या विषयात कच्चा, तोच विषय त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने केवळ डाव्या पायाने खेळायचे, अशा स्पर्धा ते भरवीत. चेंडू स्वतःजवळ न ठेवता ताबडतोब साथीदाराकडे द्यायचा, असे सामने ते खेळवीत. चेंडू एकट्याच्या मालकीचा नाही, हा धडा त्या काळच्या आपल्या खेळाडूंना फार गरजेचा होता.

राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्याच आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. थंडीत, ओल्या गवतावर, बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे त्यांचा निभाव लागला नाही. हार पचवणे सोपे असते, तिच्यापासून शिकणे अवघड. रहीमसाहेब शिकले. चारच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवून उपान्त्य फेरी गाठली. त्या चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. हा मूळचा गोव्याच्या आसगावचा, मुंबईत नावारूपाला आलेला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला. त्या उंचीवर आपण पुन्हा कधी पोहोचलो नाही.

आता जाकार्ताकडे वळू. १९६२ ची आशियाई स्पर्धा. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. आशियाई क्रीडा चळवळीचे एक संस्थापक, आपले गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली आणि अशा स्पर्धेला 'आशियाई स्पर्धा' म्हणता येणार नाही अशी भूमिका मांडली. तत्त्वाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे रास्त होते, पण जाकार्तात लोक खवळले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. आणि या सगळ्या रागाला सामोरे जायचे होते ते ज्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता अशा खेळाडूंना.

स्पर्धेची सुरुवातही वाईट झाली. दक्षिण कोरियाने पहिल्याच सामन्यात आपल्याला २-० असे हरवले. थायलंडविरुद्ध आपण ४-१ असे जिंकलो खरे, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचे डोके फुटले, टाके घालावे लागले. फाळणीत लायलपूर सोडून इकडे आलेला हा पंजाबी गडी. जपानविरुद्ध तो खेळू शकला नाही, तरी तो सामना २-० असा निभावला. उपान्त्य सामना दक्षिण व्हिएतनामशी होता. जखम ओली. बचावपटूला तर पदोपदी धक्काबुक्की आणि डोक्याने चेंडू परतवणे आलेच. रहीमसाहेबांनी वेगळाच विचार केला. जर्नेल कॉलेजच्या दिवसांत आघाडीला खेळत असे, हे त्यांच्या ध्यानात होते. त्यांनी त्याला सरळ आघाडीवर पाठवले. डोक्याला पट्टी बांधून तो उतरला आणि त्याने गोलही केला. भारत ३-२ ने जिंकला. उरलेले दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामीचे.

खेळाडूंना ठाऊक होते की आपले मास्तर आजारी आहेत. त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांना एवढेच सांगितले की, उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे, सुवर्णपदकाची. खेळाडूंनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली.

४ सप्टेंबर १९६२. सेनायानचे भव्य क्रीडागार, सुमारे लाखभर प्रेक्षक, आणि भारताच्या पायात चेंडू आला की हुर्यो. गोलमध्ये तापातून नुकताच उठलेला उंचापुरा पीटर थंगराज. समोर पुन्हा तेच दक्षिण कोरिया. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला, तो जर्नेलसिंगचा. कोरियाने अगदी शेवटी, पाच मिनिटे उरली असताना, एक गोल फेडला. पण तेवढाच. २-१ ने भारत आशियाचा विजेता ठरला. राष्ट्रगीताच्या वेळीही ओरडा थांबला नव्हता, असे सांगतात.

त्या अकरांची नावे एकदा सावकाश वाचून पाहावीत. बंगालचे चुनी, पी. के., अरुण घोष आणि प्रशांत सिन्हा. पंजाबचे जर्नेल आणि त्रिलोकसिंग. केरळचा चंद्रशेखर. हैदराबाद-सिकंदराबादचे थंगराज, बलराम आणि युसुफ खान. आणि मधल्या फळीत कोलवाळचा फॉर्तुनातो फ्रँको, मुंबईच्या टाटा संघाचा खेळाडू. गोवा मुक्त होऊन अवघे साडेआठ महिने झाले होते आणि एक गोमंतकीय भारताच्या सुवर्णपदकाचा वाटेकरी झाला होता. घरी प्रत्येकाची भाषा वेगळी, देव वेगळा, ताटातले अन्न वेगळे. आम्हा सीमाभागातील माणसांना भाषांची भांडणे नवी नाहीत. म्हणूनच मला ही यादी मुलांकडून पाठ करून घ्यावीशी वाटते.

पुढे काय झाले? रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी वारले. वय त्रेपन्न. माझे आज तेवढेच आहे, म्हणून हा आकडा मनातून जात नाही. पी. के. बॅनर्जी मोठ्या क्लबांच्या मोहात न पडता अखेरपर्यंत ईस्टर्न रेल्वेकडून खेळला आणि नंतर स्वतः प्रशिक्षक झाला. १९७० मध्ये बँकॉकला भारताने कांस्यपदक मिळवले तेव्हा प्रशिक्षकांत तो होता. मास्तरांचा धडा असा एक पिढी पुढे गेला. चुनीने आयुष्यभर मोहन बागान सोडला नाही. शिवाय तो क्रिकेटही खेळे. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचा कर्णधार तोच होता. आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर म्हणून निम्मे बरोबर! जर्नेलसिंग २००० मध्ये कॅनडात वारला. पी. के. आणि चुनी दोघेही २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने गेले. २०२१ मध्ये फ्रँको, २०२३ मध्ये बलराम. आशियाई फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर आजतागायत आपल्याकडे आलेले नाही.

मुलांनी मेस्सीला मानू नये असे मी म्हणणार नाही. गुणांना देशाची सीमा नसते. परंतु आदर्श म्हणजे भिंतीवरचे चित्र नव्हे. जर्नेलने गोल केला याहून, 'तुझी जागा आज ही नव्हे, ती' असे सांगताच फुटक्या डोक्याने तो तिथे जाऊन उभा राहिला, हे मला मोठे वाटते. थंगराजचे मोठेपण त्याच्या उंचीत नव्हते, तापातून उठून उभे राहण्यात होते. ही माणसे आमच्या मुलांच्या आवाक्यातली आहेत. मेस्सीची डाव्या पायाची जादू ईश्वरदत्त असेल, पण कच्चा पाय पक्का करणे मेहनतीने साधते.

शेवटी एक कबुली. गेली कित्येक वर्षे जानेवारी उजाडला की दहावीचा खेळाचा तास मी गणिताला देत आलो. निकाल चांगले लागले, पालक खूश झाले, मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. हा लेख लिहायला बसलो तेव्हा प्रथमच मनात आले, रहीम मास्तर आमच्या शाळेत असते तर मी त्यांचाही तास काढून घेतला असता.

यंदाच्या वेळापत्रकात दहावीचा खेळाचा तास शुक्रवारी शेवटचा आहे. जानेवारीतही तो तिथेच राहील.