ज्यांनी क्रांतीचं गाणं गायलंच नाही

१९६८च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बीटल्सचं 'रेव्होल्यूशन' आणि रोलिंग स्टोन्सचं 'स्ट्रीट फायटिंग मॅन' ही दोन गाणी अमेरिकेत बाजारात आली. एकात क्रांतीविषयी शंका होती, तर दुसऱ्यात रस्त्यावर उतरण्याची खुमखुमी. शिकागोतल्या काही रेडिओ केंद्रांनी स्टोन्सचं गाणं लावायला नकार दिला आणि त्यामुळे त्याचं नाव आणखीनच झालं. त्याच महिन्यात, २० तारखेच्या रात्री, वॉर्सा करारातल्या देशांचं सैन्य रणगाडे घेऊन चेकोस्लोव्हाकियात शिरलं. अलेक्झांडर डुबचेक यांनी काही महिन्यांपूर्वी सुरू केलेला 'मानवी चेहऱ्याचा समाजवाद' तिथेच चिरडला गेला. पुढच्या काही आठवड्यांत प्रागमधल्या मिलान ह्लाव्सा नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने मित्रांना जमवून एक बँड काढला. मुलगा खाटीककाम शिकलेला होता आणि बास गिटार वाजवायचा. बँडचं नाव फ्रँक झापाच्या एका गाण्यावरून घेतलं होतं : 'द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'.

रॉक ऐकणाऱ्या आमच्या पिढीत एक वाद कधीच संपत नाही. रॉक हे राजकीय संगीत आहे की नाही? वाद घालणारे लगेच शब्दांकडे वळतात. कोणी युद्धाविरुद्ध गायलं, कोणी राणीची टर उडवली, कोणी कुठल्या सभेत वाजवलं. मीही पुष्कळ वर्षं हीच मोजपट्टी वापरत होतो. आता माझं मत असं आहे की, गाण्यातले शब्द ही रॉकच्या राजकारणाची सगळ्यात वरवरची बाजू आहे, आणि त्याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे हा प्रागचा बँड. रॉकच्या साऱ्या इतिहासात राजकारणावर इतका खोल परिणाम दुसऱ्या कुठल्या बँडने केला असेल असं मला वाटत नाही. आणि या बँडने सरकारविरुद्ध घोषणा म्हणावं असं गाणं जवळजवळ गायलंच नाही.

परवाना

रणगाडे आल्यानंतरच्या काळाला गुस्ताव हुसाक यांच्या राजवटीने 'सामान्यीकरण' असं नाव दिलं. म्हणजे सगळं पूर्ववत, शिस्तीत. संगीतातही शिस्त होती. जाहीर कार्यक्रम करायचा तर परवाना हवा आणि परवान्यासाठी परीक्षा. व्यावसायिक दर्जा मिळालेल्या बँडला वाद्यं आणि ऍम्प्लिफायर सरकारी संस्था पुरवणार. त्याबरोबर अटीही येत : इंग्रजी नाव बदला, इंग्रजी गाणी सोडा, केस कापा, जरा आनंदी वाजवा. बऱ्याच बँडनी हे मान्य केलं. प्लास्टिक पीपलने केलं नाही. १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक दर्जा गेला आणि दर्जाबरोबर वाद्यंही गेली. योसेफ यानिचेक या वादकाला यंत्रांचं काम येत होतं. त्याने जुन्या रेडिओंचे भाग जोडून ऍम्प्लिफायर तयार केले.

या टप्प्यावर इवान यिरोउसची भूमिका मोठी आहे. हा कलेचा इतिहासकार, टोपणनाव 'मागोर', म्हणजे वेडा. आधी तो 'प्रिमिटिव्हज ग्रुप' या प्रागच्याच, रंगमंचावर आगपाण्याचे खेळ करणाऱ्या बँडबरोबर होता. तो बँड बंद पडल्यावर तो प्लास्टिक पीपलचा कलादिग्दर्शक झाला. कलासमीक्षक म्हणून व्याख्यान द्यायला त्याला मुभा होती. मग तो अँडी वॉरहॉलवर व्याख्यान ठेवायचा, काही चित्रं दाखवायचा, आणि 'उदाहरणादाखल' बँड व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी वाजवायचा. व्याख्यान थोडं, उदाहरणं भरपूर! प्रागमध्ये इंग्रजी शिकवणारा पॉल विल्सन हा कॅनडाचा तरुण तेव्हा बँडमध्ये गायचा. हाच पुढे वाक्लाव हावेल यांचा इंग्रजी अनुवादक झाला.

विल्सन १९७२ मध्ये बँडमधून बाहेर पडला, त्याच सुमारास व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हा सॅक्सोफोनवादक आला. त्याचा आग्रह होता की परक्यांची गाणी पुरे, आता आपलीच, चेक भाषेतली. शब्द मिळाले एगॉन बॉन्डी या कवीचे. पन्नाशीच्या दशकापासून त्याच्या कविता टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरत होत्या. बिअर, पोटाच्या तक्रारी, शौचकूप, कंटाळा असे त्यांचे विषय. १९७४-७५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला त्यांचा पहिला मोठा अल्बम या कवितांवरच उभा आहे. त्याच्या नावात बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ची थट्टा आहे आणि शेवटच्या शब्दावर कोटी करून 'बँड'चं 'बंदी घातलेला' केलं आहे. तो १९७८ मध्ये पश्चिमेत निघाला. मायदेशात तो टेपवरून टेपवर उतरत गेला.

ऐकायला हे संगीत कसं आहे? ज्यांचे कान डीप पर्पल किंवा पिंक फ्लॉइडवर तयार झाले आहेत त्यांना आधी त्रास होईल. सफाई नाही, गोड चाल नाही, गिटारची आतषबाजी नाही. बासचा एकच जड तुकडा फिरत राहतो, त्यावर यिरी काबेशची व्हायोला करवतीसारखी चालते, सॅक्सोफोन मध्येच कळवळतो, आणि कोणीतरी निर्विकारपणे शब्द म्हणतो. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या जॉन केलच्या व्हायोलाचं ऋण उघड आहे. पण न्यूयॉर्कच्या त्या बँडमध्ये एक ऐट होती, ती इथे नाही. इथे थंडी आहे. मला ते आवडतं. घरच्या कोणालाही आवडत नाही.

खटला

३० मार्च १९७४ रोजी चेस्के बुद्येयोवित्सेजवळच्या रुडोल्फोव्ह गावी कार्यक्रम होता. शेकडो तरुण गाडीने आले. पोलिसांनी त्यांना झोडपून परतीच्या गाड्यांत कोंबलं. काही विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढण्यात आलं. यानंतर कार्यक्रम खेड्यांत, ऐनवेळी ठिकाण कळवून, बहुधा लग्नाच्या निमित्ताने होऊ लागले. १९७५ मध्ये यिरोउसने एक दीर्घ टिपण लिहून 'दुसरी संस्कृती' ही कल्पना मांडली. पहिली म्हणजे सरकारी संस्कृती. दुसरीने तिच्याशी भांडायचं नाही, तिची मान्यता मागायची नाही, तिच्यावाचून जगायचं.

फेब्रुवारी १९७६ मध्ये बोयानोविस गावी यिरोउसच्याच लग्नाच्या निमित्ताने मोठा संगीतमेळा झाला. मार्चमध्ये धरपकड सुरू झाली. विशेष म्हणजे नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा याच मार्च महिन्यात अमलात आला आणि चेकोस्लोव्हाकिया त्याला बांधील होता. सप्टेंबरमध्ये प्रागमध्ये चौघांवर खटला चालला. यिरोउसला अठरा महिने, 'डीजी ३०७' या बँडच्या पावेल झायीचेकला बारा, ब्राबेनेत्स आणि धर्मोपदेशक-गायक स्वातोप्लुक कारासेक यांना आठ-आठ महिने शिक्षा झाली. आरोप राजद्रोहाचा नव्हताच. आरोप होता गुंडगिरीचा. पुरावा म्हणून गाण्यातले असभ्य शब्द पुढे केले गेले.

इथेच सरकारची गफलत झाली. राजकीय विरोधकांना तुरुंगात टाकलं की लोक हळहळतात आणि आपल्या कामाला लागतात, कारण तो त्या विरोधकांनी स्वतःहून पत्करलेला धोका असतो. या मुलांनी काहीच पत्करलं नव्हतं. त्यांना फक्त वाजवायचं होतं.

हावेल आणि यिरोउस यांची भेट अटकेच्या थोडं आधी, १९७६च्या सुरुवातीला झाली. यिरोउसने एका साध्या टेपरेकॉर्डरवर बँडची गाणी ऐकवली. हावेल यांनी पुढच्या कार्यक्रमाला यायचं कबूल केलं, पण त्याआधीच पोलीस पोचले. मग हावेल यांनी ज्येष्ठ लेखकांना उभं करायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये जर्मन कादंबरीकार हाइनरिख ब्योल यांना एक खुलं पत्र गेलं. त्यावर यारोस्लाव सायफर्ट यांची सही होती. पुढे १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एडमंड हुसर्लचे विद्यार्थी आणि तेव्हा सत्तरीला टेकलेले तत्त्वज्ञ यान पाटोच्का यांचीही होती. या मंडळींनी असलं संगीत घरी कधी लावलं असेल असं वाटत नाही, आणि त्यांच्या सहीचं मोलही त्यातच आहे. खटल्याच्या वेळी न्यायालयाच्या आवारात जुने कम्युनिस्ट, ख्रिस्ती विचारवंत, लेखक आणि लांब केसांची मुलं प्रथमच शेजारी शेजारी उभी राहिली. एरवी त्यांचं एकमेकांशी पटलं नसतं. हावेल यांचा युक्तिवाद सोपा होता : या पोरांचं वाजवण्याचं स्वातंत्र्य आणि तत्त्वज्ञाचं विचार करण्याचं स्वातंत्र्य या दोन गोष्टी नाहीत, एक गेलं की दुसरं राहत नाही.

त्या आवारातल्या ओळखींतून जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' हे निवेदन आलं. सरकारने स्वतः सह्या केलेले करार पाळावेत, एवढीच मागणी. पहिल्या सह्या सुमारे २४०. हावेल, पाटोच्का आणि माजी परराष्ट्रमंत्री यिरी हायेक हे तिचे पहिले प्रवक्ते. लांबलचक चौकश्यांनंतर १३ मार्च १९७७ रोजी पाटोच्का यांचं निधन झालं.

दुसरी यादी

सरकारनेही संगीतकारांना हाताशी धरलं. २८ जानेवारी १९७७ रोजी प्रागच्या नॅशनल थिएटरमध्ये कलावंतांना जमवून चार्टरविरोधी जाहीरनामा वाचला गेला. आठवड्याभरात सुगम संगीतातल्या मंडळींची वेगळी सभा झाली आणि तिथे देशाचा सर्वांत लाडका गायक कारेल गॉट बोलला. हजारो कलावंतांनी सह्या केल्या. ज्या मजकुराचा निषेध केला तो त्यांच्यातल्या बहुतेकांनी वाचलेलाही नव्हता, कारण तो छापायला बंदी होती. गॉटबरोबर एके काळी गाजलेली मार्ता कुबिशोवा मात्र १९७० पासून गाण्यावर बंदी सोसत होती. तिने चार्टरवर सही केली आणि त्याची प्रवक्तीही झाली.

सही करणाऱ्या त्या हजारोंना मी भ्याड म्हणणार नाही. मुलाचा कॉलेजप्रवेश, स्वतःचा रोजगार, घर यांवर सरकारचा हात होता. दीड कोटींच्या देशात १९८९ पर्यंत चार्टरवर सही करणारे दोन हजारही भरले नाहीत, ही गोष्ट रॉकच्या भाविकांनी लक्षात ठेवली पाहिजे. 'गिटारने साम्यवाद पाडला' हे वाक्य टी-शर्टवर शोभतं. मॉस्कोतल्या बदलांशिवाय, पूर्व युरोपच्या अडलेल्या अर्थव्यवस्थेशिवाय १९८९ घडलं नसतं. तिथल्या 'व्हेल्व्हेट' क्रांतीला नाव व्हेल्व्हेट अंडरग्राउंडवरून मिळालं, असंही चाहते सांगतात. नावांतलं साम्य एवढाच त्याला आधार.

आणखी एक कडू घोट आहे. ज्याच्या कवितांवर बँड उभा राहिला तो बॉन्डी गुप्त पोलिसांना माहिती पुरवत होता, हे साम्यवाद कोसळल्यानंतर उघड झालं. त्यामुळे गाणी खोटी ठरतात का? माझ्या मते नाही. पण 'दुसरी संस्कृती' ही पहिलीपासून पूर्ण तुटलेली, स्वच्छ जागा होती, हा समज मात्र खोटा ठरतो.

१९८९ नंतरचा भाग सगळ्यांना आवडतो. हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी १९९० मध्ये झापा प्रागला आला. हावेल यांनी त्याला व्यापार आणि संस्कृतीचा विशेष प्रतिनिधी नेमण्याचा घाट घातला आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या नाराजीनंतर तो मागे घेतला गेला. बेकर यांच्या पत्नी रॉकमधल्या अश्लीलतेविरुद्धच्या ज्या मोहिमेत होत्या, तिच्याशी झापा १९८५ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर भांडला होता. असभ्य शब्दांची भीती एकट्या साम्यवाद्यांची नव्हती! ऑगस्ट १९९० मध्ये स्टोन्स आले, प्रागच्या स्ट्राहोव्ह मैदानावर वाजवून गेले. २२ वर्षांपूर्वी रस्त्यावर उतरण्याचं गाणं गाणारे आता राष्ट्राध्यक्षांचे पाहुणे होते.

प्लास्टिक पीपल तोवर फुटला होता. चार्टरच्या विसाव्या वर्षी, १९९७ मध्ये, हावेल यांच्या आग्रहावरून ते पुन्हा एकत्र आले. ह्लाव्सा २००१ मध्ये कर्करोगाने गेला. आयुष्यातली साडेआठ वर्षं तुरुंगात काढलेला यिरोउस नोव्हेंबर २०११ मध्ये गेला आणि पुढच्याच महिन्यात हावेल.

ऐकायचं असेल तर बॉन्डीवरचा अल्बम आधी ऐकू नका. १९७८ मध्ये हावेल यांच्या ह्राडेचेकच्या घरी मुद्रित केलेलं येशूच्या अखेरच्या दिवसांवरचं त्यांचं काम घ्या. त्यात सरकारविषयी एक अक्षर नाही. नावडलं तर बंद करा. हे संगीत आवडलं पाहिजे, असं सायफर्ट आणि पाटोच्कांनीही कधी म्हटलं नव्हतं.