शेख मुहम्मद गौस आणि श्वासाची विद्या

ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली, हजीरा वस्तीत, कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज आणि भोवताली नाजूक पाषाणजाळ्या असलेली जी भव्य कबर आहे, ती शत्तारी पंथाचे सूफी शेख मुहम्मद गौस यांची. शेजारीच तानसेनाची कबर असल्यामुळे संगीताचे रसिक तेथे आवर्जून जातात. परंतु श्वास आवरून चित्ताची तगमग शमविण्याच्या विद्येचा इतिहास ज्यास जाणावयाचा आहे, त्यानेही याच दारी यावे, असे मला मनापासून वाटते.

गौस यांचे आयुष्य स्वस्थतेत गेले नाही. चुनारच्या डोंगरांत त्यांनी दीर्घ तप केले. पुढे हुमायून बादशहाची मर्जी त्यांच्यावर बसली आणि १५४० मध्ये शेरशहाची सरशी होताच तीच मर्जी संकटाचे कारण ठरून त्यांना गुजरातेचा आश्रय घ्यावा लागला. तेथेही त्यांच्या आध्यात्मिक अनुभवांच्या कथनावरून उलेमांनी त्यांच्याविरुद्ध फतवा काढला. अशा विपरीत काळात, १५५० च्या सुमारास, भडोच मुक्कामी त्यांनी ‘अमृतकुंड’ या योगग्रंथाला ‘बहर-उल-हयात’ हे फारसी रूप दिले. पूर्वीच्या अरबी अवतारात पाचच आसने होती. गौस यांनी ती एकवीसवर नेली, आणि योग्यांच्या मंत्रांची अरबी ईश्वरनामांशी सांगड घातली. याच ग्रंथपरंपरेत गोरक्षनाथांना इस्लामी परंपरेतील सत्पुरुष खिज्र व मत्स्येंद्रनाथांना पैगंबर यूनुस मानले आहे. ज्या नाथपरंपरेतून ज्ञानेश्वरांना निवृत्तिनाथांकरवी योग लाभला, तिचे नाव सूफी दर्ग्यापर्यंत पोचलेले पाहून मराठी वाचकाला आप्त भेटल्याचा आनंद व्हावा.

अकबराच्या कारकिर्दीत गौस ग्वाल्हेरास परतले आणि १५६३ मध्ये निवर्तले. सतराव्या शतकाच्या आरंभी शाहजादा सलीमच्या अलाहाबादच्या चित्रशाळेत या ग्रंथाची सचित्र प्रत तयार झाली. आसनांची ती चित्रे आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहेत.

विसाव्या शतकात अशा साधनांकडे विज्ञानाचेही लक्ष गेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासला. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी व ताण सोसणाऱ्या रुग्णांसाठी सजग ध्यानाचा वैद्यकीय उपक्रम सुरू केला. गौस यांचे साध्य मात्र ईश्वरसान्निध्य होते, ताणमुक्ती नव्हे. हा भेद विसरल्यास त्यांच्यावर अन्याय होईल. तरीही कचेरीच्या कामाने शिणलेला गृहस्थ सायंकाळी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देतो, तेव्हा तो ज्या वाटेने जातो, तिच्यावर या फकिराचीही पावले उमटलेली आहेत.