उंदीर पडला!

१८९७ चा पुण्याचा प्लेग म्हटलं की आपल्याला आठवतात ते रँड आणि चापेकर. शाळेत तेवढंच शिकवलं ना! पण मला सारखं वाटतं, त्या झडत्यांनी साथ थांबली कमी आणि लपली जास्त. गोरे सोजीर घरात शिरणार, माणूस उचलून नेणार, या धास्तीने लोक रोगीच दडवू लागले. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते १८९८ साली. म्हणजे झडती घेणाऱ्यांनाही खरं कारण ठाऊक नव्हतं! पुढच्या साथींत मात्र लोक अनुभवाने शिकले. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड गावाबाहेर, झोपडीत. मेलेल्या उंदरावरून उतरलेल्या पिसवा मागे रिकाम्या घरात उपाशी.