खोलीत उगवलेला माळ

टेरेन्स मॅलिकच्या 'बॅडलँड्स' (१९७३) या सिनेमाचं चित्रीकरण कुठे झालं हे शोधताना एका नावापाशी अडलो : कोलोरॅडो. तेव्हापासून ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' मला पहिल्यासारखा ऐकू येत नाही.

अल्बमची गोष्ट जगजाहीर आहे. जानेवारी १९८२, न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकचं भाड्याचं घर, निजायची खोली, टॅस्कॅमचं चार ट्रॅकचं कॅसेटयंत्र. पुढे स्टुडिओत बँडबरोबर गाणी बसेनात, म्हणून ती कॅसेटच बाजारात आली.

पण गाण्यांतला माळ कुठला? शीर्षकगीत चार्ल्स स्टार्कवेदरवर आहे. १९५७-५८च्या हिवाळ्यात त्याने अकरा जीव घेतले, बहुतेक नेब्रास्कात. त्याच प्रकरणावर 'बॅडलँड्स' करताना मॅलिकने कथा साउथ डकोटात नेली आणि कॅमेरा लावला कोलोरॅडोत. स्प्रिंगस्टीनने तो सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि गाणं पुन्हा नेब्रास्कात आणून सोडलं. असा हा माळ चार घरचं पाणी प्यायलेला.

जाणकार म्हणतात, या गाण्यांचं मूळ फ्लॅनरी ओ'कॉनरच्या कथांत आणि स्प्रिंगस्टीनच्या फ्रीहोल्डमधल्या बालपणात आहे. खुद्द स्प्रिंगस्टीनही तेच सांगतो. कबूल. पण त्यातून माणसं आली. मोकळं रान नाही. रान आलं त्या कॅसेटला प्रतिध्वनी देणाऱ्या इकोप्लेक्समधून, असं माझं ठाम मत. या पेटीत टेपचा वेढा फिरत राहतो. एक हेड आवाज टिपतं, दुसरं तो क्षणभराने ऐकवतं. दोहोंतलं अंतर वाढवलं की प्रतिध्वनी लांबतो. अंतर तेवढं वीतभर, पण ऐकणाऱ्याला वाटतं, शिवाराच्या पल्याडून कुणी हाक मारतंय.

आता नाव. ओटो लोकांच्या भाषेत नेब्रास्का म्हणजे 'सपाट पाणी', अर्थात तिथली प्लॅट नदी. फ्रेंचांनी 'प्लॅट' म्हणताना तोच सपाटपणा आपल्या भाषेत आणला. आणि कोल्ट्स नेकच्या त्या घराजवळ होता जलाशय! स्प्रिंगस्टीनला हा अर्थ ठाऊक होता का? बहुधा नसावा. तरी हा योगायोग हातचा सोडायला मी तयार नाही.

सगळा माळ सिनेमातून आणि टेपच्या वेढ्यातून आला, हे कुणाला पटणार नाही. त्यांना एवढंच सांगतो : शीर्षकगीताचं आधीचं नाव 'स्टार्कवेदर' होतं. गीतकाराने खुन्याचं नाव खोडलं आणि मुलखाचं ठेवलं.