भाषा ग्रीक, धर्म इस्लाम : ग्रीसमधील अखेरचे पाच दिवस

ग्रीसच्या अभ्यासदौऱ्याचे पहिले आठ दिवस डेल्फी, ऑलिंपिया, मायसिनी आणि अथेन्सचे अक्रोपोलिस यांत गेले. क्रमिक पुस्तकातला ग्रीस तो हाच. शेवटचे पाच दिवस आम्ही वेगळ्या ग्रीससाठी राखून ठेवले होते. पार्थेनॉनमध्ये एके काळी मशीद होती, व्हेनिसच्या तोफांनी १६८७ मध्ये त्या वास्तूत साठवलेली उस्मानी दारू उडाली आणि छप्पर कोसळले, एवढा उल्लेख मार्गदर्शक करतो आणि पुढे जातो. पण दक्षिण ग्रीसने उस्मानी साम्राज्यात साडेतीनशेहून अधिक वर्षे काढली, तर उत्तरेतले थेसालोनिकी १४३० पासून १९१२ पर्यंत म्हणजे पावणेपाचशेहून अधिक वर्षे उस्मानी शहर होते. या काळात तिथे राहिलेले मुसलमान कोण होते, कोणती भाषा बोलत होते आणि पुढे त्यांचे काय झाले, हा आमच्या अखेरच्या पाच दिवसांचा विषय होता.

आम्ही म्हणजे इतिहासाचे दोन शिक्षक आणि चौदा विद्यार्थी. मुले कोकणातली, सोलापूर-सांगलीकडची. कुणाच्या घरी कोकणी मराठी, कुणाच्या घरी दखनी. पण लिहिणे-वाचणे सगळ्यांचे मराठीत. ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे पाहिले ते या मुलांना इतरांपेक्षा जास्त लागले.

थेसालोनिकी म्हणजे उस्मानी काळातले सेलानिक. ग्रीक सैन्य १९१२ मध्ये शहरात आले आणि पुढच्याच वर्षी शिरगणती झाली. तिच्यात सुमारे ६१ हजार ज्यू, ४६ हजार मुसलमान आणि ४० हजार ग्रीक नोंदले गेले. ज्यू समाज १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलला गेलेला. सुलतानाने त्यांना आसरा दिला आणि चार शतके ते घरात जुनी स्पॅनिश भाषा बोलत राहिले. बंदरावरच्या हमालाला चार-पाच भाषा येत असत, असे हे शहर. मुस्तफा कमाल अतातुर्क यांचा जन्म १८८१ मध्ये इथलाच.

या शहरातला उस्मानी वारसा आज शोधावा लागतो. १९१७ च्या आगीत जुन्या शहराचा मोठा भाग जळाला आणि उरलेले मिनार पुढे पाडण्यात आले. रोटुंडा नावाची गोल रोमन वास्तू चौथ्या शतकातली. ती आधी चर्च झाली, १५९१ च्या सुमारास मशीद झाली, १९१२ नंतर पुन्हा चर्च. तिच्या शेजारचा मिनार तेवढा शिल्लक आहे. सगळ्या शहरात उभा असलेला हा एकच जुना मिनार. १४६७-६८ मधील हमजा बे मशिदीत तर अनेक वर्षे चित्रपटगृह चालत असे.

आमचा सर्वांत जास्त वेळ गेला तो येनी जामी म्हणजे नव्या मशिदीपाशी. १९०२ मध्ये ती बांधली विटालियानो पोझेली या इटालियन वास्तुरचनाकाराने आणि बांधून घेतली दोन्मे समाजाने. सतराव्या शतकात साब्बाताय झेवी नावाच्या ज्यू धर्मगुरूने आपण मसीहा असल्याचे जाहीर केले आणि १६६६ मध्ये सुलतानासमोर इस्लाम स्वीकारला. त्याच्या मागोमाग मुसलमान झालेल्या अनुयायांचे वंशज म्हणजे दोन्मे. मशिदीच्या नक्षीत सहा कोनांचे तारे आहेत. हा समाज बाहेर मुसलमान आणि घरात स्वतःच्या जुन्या रीतीभाती पाळणारा. ज्यूंना तो आपला वाटत नव्हता आणि अनेक मुसलमानांना पुरता मुसलमान वाटत नव्हता. १९२३ मध्ये मात्र सरकारी कागदाने त्यांना मुसलमान ठरवले आणि तुर्कस्तानात पाठवले. मशिदीत आधी निर्वासित राहिले, मग १९२५ पासून वस्तुसंग्रहालय भरले. शहरात मागे राहिलेल्या ज्यूंपैकी सुमारे ४६ हजारांना १९४३ मध्ये नाझींनी ऑशविट्झला नेले. त्यांचे जुने कब्रस्तान १९४२ च्या अखेरीस उद्ध्वस्त करण्यात आले आणि आज त्या जागेवर विद्यापीठ आहे. ज्या कागदाने दोन्म्यांचे गाव हिरावले, त्याच कागदाने नकळत त्यांचे प्राण वाचवले.

तो कागद कोणता, हे मुलांना आम्ही बंदरावर बसून सांगितले. कारण अदलाबदलीत घर सोडणारे हजारो मुसलमान याच धक्क्यावर बोटींची वाट पाहत बसले होते. ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसमध्ये जायचे आणि ग्रीसमधील मुसलमानांनी तुर्कस्तानात. १ मेपासून अंमल, सक्ती सर्वांना, आणि सरकारच्या परवानगीशिवाय परतीचा हक्क नाही. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान एवढे मुख्य अपवाद. सुमारे १२ लाख ख्रिश्चन ग्रीसमध्ये आले. त्यांतले बहुतेक १९२२ मध्ये ग्रीक सैन्याचा अनातोलियात पराभव झाला आणि स्मर्ना म्हणजे इझमीर जळाले, तेव्हाच जीव मुठीत धरून पळाले होते. कराराने त्यांची परतीची वाट बंद केली. उलट दिशेने साडेतीन ते चार लाख मुसलमान गेले. दोन्ही सैन्यांनी त्या युद्धात निरपराधांवर अत्याचार केले होते. दुःखाची मालकी एका बाजूकडे नाही, हे इतिहास शिकवणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे.

या करारात माणसाला एकच प्रश्न होता : धर्म कोणता? भाषा कोणती, हे कुणी विचारलेच नाही.

पश्चिम मॅसेडोनियात अलियाकमोन नदीच्या खोऱ्यात, ग्रेवेना आणि कोझानीच्या आसपास मुसलमान शेतकऱ्यांची गावे होती. त्यांची मातृभाषा ग्रीक. तुर्की त्यांना जवळजवळ येत नव्हती. शेजारी त्यांना ‘वालाहादेस’ म्हणत, कारण बोलताना ‘वल्लाही’ म्हणजे अल्लाची शपथ हा त्यांचा परवलीचा शब्द. क्रीट बेटावरचे मुसलमानही बहुतांशी ग्रीकच बोलत. त्यांच्यातल्या अनेकांवर बेक्ताशी सूफी पंथाची छाप होती आणि गाणी तीच होती, जी त्यांचे ख्रिश्चन शेजारी गात. ही सारी माणसे ‘मायदेशी’ म्हणून अशा देशात गेली, जिथे बाजारात मीठ मागायलाही त्यांना शब्द नव्हता. तुर्कस्तानात १९२८ मध्ये ‘नागरिका, तुर्की बोल’ अशी मोहीम सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्या या मुसलमानांना शेजारी ‘अर्धे काफिर’ म्हणू लागले.

उलट बाजूला तेच. मध्य अनातोलियातले करामानली ख्रिश्चन तुर्की बोलत आणि ती भाषा ग्रीक लिपीत लिहीत. त्यांची धार्मिक पुस्तकेसुद्धा तशीच छापली जात. तुर्कीखेरीज भाषा नसलेले हे लोक ग्रीसमध्ये आले आणि तिथे ‘तुर्कांची पिलावळ’ अशी शिवी ऐकू लागले. दोन्ही देशांनी आपापले लोक म्हणून ज्यांना बोलावून घेतले, त्यांनाच परके ठरवले.

इथे आमच्या एका विद्यार्थिनीने प्रश्न केला : “सर, तेव्हा आपल्या लोकांना हे माहीत होते का?” प्रश्न योग्य होता. मुंबईत १९१९ मध्ये खिलाफत समिती स्थापन झाली होती. हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी अंकारा आणि स्मर्ना यांच्या नावाने निधी गोळा केले होते. २४ जुलै १९२३ च्या लोझान तहाकडे तुर्कांचा विजय म्हणून पाहिले गेले आणि एका अर्थाने तो होताही. पण ज्यांच्या अंगणात हा विजय उतरला, ते ग्रीक बोलणारे मुसलमान या उत्साहात कुठे दिसत नाहीत. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्ताननेच खिलाफत रद्द केली आणि आंदोलनाचा आधार गेला.

आणखी दोन धागे हिंदुस्थानाकडे येतात. लोझान परिषदेत ब्रिटनची बाजू सांभाळत होते लॉर्ड कर्झन, म्हणजे १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारे व्हाइसरॉय. सक्तीची अदलाबदल हा अत्यंत वाईट उपाय असून जगाला त्याची किंमत पुढे मोजावी लागेल, असे मत या माणसाने त्याच परिषदेत मांडले होते. तरी करार झालाच. दुसरा धागा आपल्या अधिक जवळचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० च्या आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरिया यांचा दाखला दिला. अल्पसंख्याकांच्या अदलाबदलीची थट्टा करणाऱ्यांनी हा इतिहास अभ्यासावा. लहान देशांना जमले ते हिंदी लोकांना का जमू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यामागे रक्तपात टाळण्याची तळमळ होती. १९४७ मध्ये पंजाबात अदलाबदल झाली ती कोणत्याही आयोगाच्या देखरेखीशिवाय, तलवारीच्या धाकाने. म्हणजे बाबासाहेबांची नियोजनाची चिंता खरी ठरली.

यावर आमच्यात संध्याकाळभर वाद झाला. एकाचे म्हणणे, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात त्यानंतर मोठे युद्ध झाले नाही, म्हणजे उपाय लागू पडला. दुसऱ्याने लगेच १९७४ चे सायप्रस काढले. तिसरीचा मुद्दा आम्हाला सर्वांत वजनदार वाटला : शांतता कुणाच्या हिशेबाने मोजायची? दोन राज्यांच्या हिशेबाने उपाय यशस्वी असेल. वालाहादेस बाईच्या हिशेबाने तो जन्मठेप होता. धर्माने माणूस ओळखला की भाषा, शेत, शेजार, गाणी हे सगळे त्या हिशेबातून गळून पडते. आपल्याकडेही कोकणातून कराचीला गेलेल्या कुटुंबांची वसाहत तिथे आहे. आणि कोकणात, मराठवाड्यात, सोलापुरात जे राहिले, ते राहिले म्हणूनच आज मुसलमानांचे मराठी साहित्य लिहिले जाते.

चौथ्या दिवशी आम्ही पूर्वेकडे थ्रेसमध्ये कोमोतिनीला गेलो. वाटेत कवाला लागले, इजिप्तचे मुहंमद अली पाशा यांचे जन्मगाव. त्यांनी तिथे बांधलेल्या इमारेतमध्ये, म्हणजे गोरगरिबांच्या अन्नछत्रात आणि मदरशात, आता महागडे हॉटेल आहे.

कोमोतिनीत मात्र अजान ऐकू येते. अदलाबदलीतून वगळलेल्या पश्चिम थ्रेसच्या मुसलमानांची संख्या आज एक लाखाच्या आसपास आहे. त्यांत तुर्की बोलणारे आहेत, बल्गेरियनला जवळची बोली बोलणारे पोमाक आहेत आणि रोमा आहेत. सरकारी भाषेत मात्र हे सगळे मिळून एकच ‘मुस्लिम अल्पसंख्याक’. राहायला मिळाले म्हणून सुख मिळाले असे नाही. ग्रीक वंशाच्या नसलेल्यांचे नागरिकत्व काढून घेणारे एक कलम १९५५ पासून अमलात होते. १९९८ मध्ये ते रद्द होईपर्यंत सुमारे ६० हजार लोकांनी नागरिकत्व गमावले. पलीकडे इस्तंबूलच्या ग्रीकांनी १९५५ ची दंगल आणि १९६४ ची हकालपट्टी भोगली; एक लाखाच्या त्या समाजातले आता दोन-तीन हजार उरले. एका देशाने आपल्या अल्पसंख्याकांना त्रास द्यायचा आणि शेजारच्या देशाकडे बोट दाखवायचे, ही रीत आपल्या उपखंडाला अपरिचित नाही.

कोमोतिनीच्याच मोल्ला साली या विधवेची कहाणी ऐकून मुली सरसावून बसल्या. पतीने नागरी कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करून सारी मालमत्ता पत्नीच्या नावे केली होती. नणंदांनी आक्षेप घेतला आणि ग्रीक न्यायालयाने थ्रेसच्या मुसलमानांना शरियतच लागू असा निर्णय दिला. तिचा तीन चतुर्थांश वाटा गेला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तिच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षाच्या आरंभी ग्रीसने कायदा बदलून शरियत ऐच्छिक केली. शाहबानो प्रकरण ज्यांच्या घरात आजही बोलले जाते, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. समूहाचा हक्क राखताना त्या समूहातल्या बाईला विचारले का, हाच तो प्रश्न.

शेवटचा दिवस पुन्हा अथेन्समध्ये. मोनास्तिराकी चौकातली त्झिस्ताराकीस मशीद १७५९ ची. तिने पुढे बराक, तुरुंग, संग्रहालय असे सगळे दिवस पाहिले. सौदी अरेबियाचे पदच्युत राजे सौद अथेन्समध्ये राहत होते, तेव्हा १९६६ मध्ये त्यांच्या नमाजासाठी ती तात्पुरती सजवण्यात आली होती. राजासाठी दार उघडले. पाकिस्तान, बांगलादेश, इजिप्त, सीरियातून मजुरीसाठी आलेल्या हजारोंना मात्र तळघरांत आणि गोदामांत नमाज पढावी लागली. वोतानिकोस भागात सरकारी खर्चाने बांधलेल्या मशिदीत पहिली नमाज २ नोव्हेंबर २०२० रोजी झाली. तिला घुमट नाही, मिनारही नाही. एप्रिल २०२४ मध्ये थेसालोनिकीच्या येनी जामीतही ईदची नमाज झाली, शंभर वर्षांनी प्रथमच.

या बातम्यांचा आनंद वाटतो. पण त्यात एक बारीक फरक आहे आणि तो विसरू नये. आज अथेन्समध्ये नमाज पढणारा मुसलमान परदेशातून आलेला आहे, म्हणून तो पाहुणा किंवा मजूर म्हणून समजून घेता येतो. ज्याची आजी ग्रीक भाषेत अंगाई गात होती आणि त्याच तोंडाने अल्लाचे नाव घेत होती, तो मुसलमान या मशिदींत परत आलेला नाही. त्याचे नातू तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, आयवालिक आणि जुंदा इथे आहेत. १८९७ नंतर क्रीटमधून निघालेल्या काहींचे वंशज सीरियातल्या हमिदिया गावात आहेत आणि तिथे क्रीटची ग्रीक बोली अजून बोलली जाते. सव्वाशे वर्षे उलटली, देश बदलला, झेंडे बदलले. घरातली भाषा टिकली. कोणत्याही करारात न लिहिलेला हा हक्क त्या माणसांनी स्वतःच सांभाळला. आपण मराठीत लिहितो आणि बोलतो, त्याची किंमत हमिदियाच्या लोकांइतकी क्वचितच कुणी मोजली असेल.