मुळशीचं पाणी, कारखान्यांचे जनरेटर आणि रावेतची गच्ची

घरावर सोलर बसवायचं म्हटलं की बोलणं लगेच किलोवॅट, सबसिडी आणि 'पैसे किती वर्षांत फिटतात' यावर येतं. प्रश्न रास्तच आहेत. पण आपल्या भागातल्या विजेचा इतिहास चाळला, तर त्याहून जुना एक प्रश्न समोर येतो: वीज कुणाला मिळते आणि तिची किंमत कोण मोजतं?

मुळशी धरण रावेतपासून फार लांब नाही. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी ते मुळा नदीवर बांधायला घेतलं. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून कोकणात भिऱ्याला उतरवायचं, अशी योजना होती. त्यात मावळ्यांची भातखाचरं बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. सत्याग्रह हरला, धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. जमीन मुळशीची गेली, दिवे मुंबईत लागले.

दुसरा प्रसंग २००६ चा. राज्यभर भारनियमन चालू होतं. तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी एक तोडगा निघाला, तो 'पुणे मॉडेल' म्हणून ओळखला गेला. कारखान्यांनी टंचाईच्या वेळी आपले जनरेटर चालवायचे आणि वाचलेली वीज शहराला द्यायची. डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलात 'रिलायबिलिटी चार्ज' म्हणून लागला. हिशोब चोख होता. पण खेड्यांतला अंधार तसाच राहिला, कारण पैसे मोजून सुटका करून घेण्याची सोय त्यांना नव्हती.

२०१५ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने छतावरच्या सोलरसाठी नेट मीटरिंगचे नियम केले आणि घरातला मीटर दोन्ही बाजूंनी मोजू लागला. इथे एक गोष्ट समजून घ्यावी. इन्व्हर्टरचं ॲप एकूण निर्मिती दाखवतं. नेट मीटर फक्त बाहेर गेलेली आणि आत आलेली वीज. तीन किलोवॅटच्या संचाने स्वच्छ उन्हाच्या दिवशी १२ युनिट केले, त्यातले ८ बाहेर गेले आणि रात्री ६ आत आले, तर घराचा वापर १० युनिट. दोन्ही आकडे रोज लिहून ठेवले, तरच पॅनेलवरची धूळ की वाढलेला वापर, हे कळतं. आणि बॅटरी नसेल, तर लाइट गेल्यावर भर उन्हातही साधा संच बंद पडतो. ते मुद्दामच असतं: खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून.

२०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण रावेतमध्ये स्वतंत्र छत किती जणांना? इथे टॉवर आहेत. शंभर फ्लॅटना मिळून एक गच्ची, तीही पाण्याच्या टाक्यांनी आणि सोलर हीटरनी अडवलेली. सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. ते घ्यायचे की नाही, हे सर्वसाधारण सभा ठरवते आणि तिथे मत मालकाला असतं. मेंटेनन्स भाड्यातूनच भरणाऱ्या भाडेकरूला नाही.

या वेळी कुणाचं भातखाचर बुडत नाही, डिझेलही जळत नाही. ही मोठीच गोष्ट आहे. पण वीज कुणाची, हा प्रश्न मिटलेला नाही. तो मुळशीच्या खोऱ्यातून आता सोसायटीच्या सभेत आला आहे, आणि तिथे तो निदान चर्चेने सोडवता येण्याजोगा आहे. विषयपत्रिकेवर तो यायला मात्र हवा.